नाही म्हणायची सोय

दुष्काळात मी आणि गावचा माझा दोस्त खडी फोडायला एकाच कामावर होतो. मुकादम मोठा न्यायी माणूस. बिडी ओढणाऱ्याला, तंबाखू मळणाऱ्याला तो घटकाभर बसू द्यायचा. ज्याला व्यसन नाही त्याला बसायचं कारण नाही, असा त्याचा कायदा. सगळे बाभळीखाली बसले की मी एकटा उन्हात घण मारत राहायचो. दोस्त सावलीतून ओरडायचा, "आरं, खोटी खोटी तरी मळ की!" पण मला त्या नाटकाची चीड यायची. आपल्याकडे माणसात बसायचं तर हातात काहीतरी लागतं, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं लागली आणि आम्ही दोघंही चिकटलो. संध्याकाळी नांदेड रोडच्या धाब्यावर बसणं सुरू झालं. मीही जायचो. बदली कुणाची, पाळणा कुणाच्या घरी हलला, साहेबाशी खटका कुणाचा उडाला, सगळं तिथंच कळायचं. न जाऊन करता काय? मी सोडा प्यायचो आणि शेंगदाणे फस्त करायचो. मला मंडळी 'स्वामी' म्हणत. पहिल्या ग्लासाला माझी थट्टा, दुसऱ्याला माझी स्तुती, तिसऱ्याला माझ्या गळ्यात पडून रडणं. आणि शेवटी सगळ्यांना घरोघर पोचवायचं कामही स्वामींचंच.

मग दोस्ताचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी बायकोसमोर त्याला स्पष्ट सांगितलं, पुन्हा तोंडाला लावलीत तर आमच्याकडे येऊ नका. त्यानं सोडली. खरोखर सोडली, तंबाखूसुद्धा. धाब्यावरच्या मंडळींनी थोडे दिवस हाका मारल्या, मग मारायच्या बंद केल्या. रस्त्यात भेटले तर तब्येत विचारत आणि गाडी गाठायची असल्यासारखे सटकत.

संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा. आम्ही गोलाईच्या बाजारापर्यंत चालत जायचो, भजी खायचो, परत यायचो. "स्वामी," तो एकदा म्हणाला, "इतकी वर्सं तू हे कसं काढलंस रं? संध्याकाळ सरतच न्हाई." मला त्याची कीव आली, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजूला कुणीतरी बसलं होतं.

त्याच सुमारास त्याच्या मुलीची सोयरीक नांदेडकडं लोह्याला जुळली. पोरगं चांगलं, शेती पाण्याची. गावाकडं दोस्ताच्या शेतात याद्या झाल्या, सुपारी फुटली, बायका जेवायला बसल्या. तेव्हा पोराचा चुलता, त्या घरातला कारभारी, म्हणाला, "चला पाव्हणं, आता आपण बसू." आमच्याकडे व्याही-व्याही एकदा असे 'बसले' नाहीत तर सोयरीक पक्की झाल्यासारखी वाटतच नाही. लिंबाखाली सतरंजी अंथरली होती आणि पाव्हण्यांची बाटली आधीच आली होती.

दोस्तानं मला बाजूला ओढलं. "न्हाई म्हणलं तर म्हणतील, पाव्हण्याच्या मनात काळंबेरं हाय. आजार सांगितला तर म्हणतील, बाप दारूनं सडलाय, घराणंच तसलं. पोरगी घरी बसंल माझी." मी म्हणालो, "तू गप राहा. मी बघतो."

मी पुढं झालो. "काका, त्यांचा उपवास हाय. त्यांच्या वाटणीचं मी बसतो."

चुलता हसला. "तुम्ही बसा की, तुम्हाला कोण नको म्हणतंय? पण पोरगी तुमची करायलो का आम्ही?"

सगळे हसले. तरी मी ग्लास उचलला. वाटलं, एकजण प्याला म्हणजे भागेल, एवढ्यावर चुलता दोस्ताला सोडून देईल. जन्मात पहिल्यांदा मी ती जळजळ घशाखाली उतरवली आणि डोळ्यांत पाणी आलं. मंडळींनी टाळ्या पिटल्या. चुलत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, दुसरा ग्लास भरला आणि दोस्तासमोर धरला. "बघा, दोस्त तयार, आता तुमचा उपवास सुटला."

दोस्तानं एकदा बायका जेवत होत्या तिकडं पाहिलं. मुलगी पंगतीत वाढत होती. त्यानं ग्लास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

त्यानंतर तो थांबला नाही. मी घरी जाऊन हात जोडले, भांडलो, त्याच्या बायकोनं शपथा घातल्या. "आता उपवास सुटला तो सुटला, स्वामी," एवढंच तो म्हणायचा, आणि धाब्यावर जायचा. तिथं त्याची जागा तशीच होती. मी परत सोडा प्यायला गेलो नाही. मला त्या मंडळींचा राग होता, पण राग धरून संध्याकाळ जात नाही, हेही कळलं. मुलीचं लग्न थाटात झालं. मांडव उतरून वर्ष व्हायच्या आत तो गेला.

स्मशानात लोह्याची मंडळी आली होती. चिता पेटल्यावर चुलता माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, थोडी माझ्यापुढं धरली. मी नको म्हणालो. त्यानं ती आपल्या गालात धरली आणि गहिवरून म्हणाला, "लई दिलदार माणूस. कधी कुणाला न्हाई म्हणला न्हाई."

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण मुलीला त्याच घरात नांदायचं होतं.

"हाव," मी मान डोलावली.