पट्टीवरचा उणे आकडा

भूत-बित, आत्मा-बित मी कधी मानलं नाही. सारा जन्म लोखंड वितळवण्यात गेला, असलं सुचायला वेळ कुठे होता? सातवी नापास आहे, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. घडलं तेवढंच लिहितो.

जळगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी भट्टीवर आहे... म्हणजे होतो. यंदा संक्रांतीनंतर बायको वारली. रडलो नाही. दहाव्यालाही नाही. मग हळूहळू दोन्ही तळहातांना गरम-गार कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, नसा चांगल्या आहेत, शुगर नाही.

मे महिन्यात भट्टीच्या गरम झाकणावर डावा हात टेकला गेला. शेजारी काम करणारा भिका ओरडला, "आबा, हात काढा! जळी ऱ्हायना ना! तुमले समजनं नही का?"

मी म्हटलं, "वास उना तवय समजनं. माले वाटनं कोणी भजी तळी ऱ्हायनं."

भिका हसला. शेठ नाही हसले. म्हणाले, "आबा, ज्याला चटका कळत नाही त्याला भट्टीजवळ कसा ठेवू? दोन दिवसांत सांगतो."

काम सुटलं तर दिवसभर रिकाम्या घरात बसायचं. भीती तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून इंजिनीयरिंग कॉलेजच्या एक मॅडम आल्या. भट्टीच्या भिंतीतून किती उष्णता बाहेर जाते ते मोजायला सेन्सर आणला होता. चिनीमातीसारखी पट्टी, तिच्यावर प्लॅटिनमचा थर — कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. भट्टीत बसवण्याआधी पट्टी दोन विटांवर आडवी ठेवली, खालून मोकळी. वरून उष्णता खाली गेली की आकडा अधिक. खालून वर आली की उणे.

चालते का बघायला एकेकाने वर तळहात ठेवला. शेडमध्ये सगळ्यांच्याच हाताला उणे आला. मॅडम म्हणाल्या, इथली हवाच अंगापेक्षा गरम आहे. म्हणून शेठच्या एसी केबिनमध्ये नेली. तिथे मॅडमचा तळहात — अधिक. भिकाचा — अधिक. मी उजवा ठेवला... उणे.

वायर बदलली. दुसरी पट्टी लावली. उणेच. मॅडमनी वाकून खाली बघितलं. काही नव्हतं.

"खालून माणसाचा हात लावला की एवढा येतो," त्या म्हणाल्या. मग, "आबा, आकडा थरथरतोय. प्लॅटिनमचा थर पातळ आहे, बारीक कापरंही दाखवतो. पण तुमचा हात तर दगडासारखा स्थिर आहे."

मी सांगितलं, बायकोचा हात दोन वर्षं कापत होता. चहा पाजताना मी तो दाबून धरायचो.

शेठनी विचारलं, "आबा, काही जाणवतंय का?"

"नाही." खरंच काही नव्हतं. मग मीच म्हटलं, "शेठ, मला भट्टीवरून काढा. एवढं खालून येतंय अन् मला पत्ता नाही. उद्या कोणाच्या अंगावर लोखंड सांडेल."

नंतर मॅडमनी त्या पट्ट्या कॉलेजात तपासल्या. दोन्ही बरोबर होत्या. कारण त्यांना सापडलं नाही, मलाही नाही. कोणाला माहीत असेल तर कळवा.

त्या दिवशी मॅडमना पाचची धुळ्याची बस होती. पावणेपाचला माझा हात अजून पट्टीवरच होता. त्यांनी विचारलं, "आबा, आता काढू का वायर?"

मी म्हटलं, "अजून कापतंय का?"

"हो."

"मग थांबा थोडं."