पादुकांवरची शपथ

सचिन गेला आणि मी दत्तमहाराजांशी बोलणं टाकलं. आरतीला उभी राहायची, पण ओठ हलायचे नाहीत. साताऱ्याहून बोईसरला येऊन मला तीस वर्षं झाली. यजमान कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा वस्तीतल्या आम्ही चार-पाच जणांनी नशेच्या वाटेला लागलेल्या पोरांना हाताशी धरायचं ठरवलं. प्रत्येकाकडे दोन-तीन मुलं. त्यांची विचारपूस करायची, कामाला लावायचं, दर गुरुवारी मंदिरात बोलवायचं. माझी शिस्त कडक. पहिल्याच दिवशी मुलाचा हात पादुकांवर ठेवून शपथ घ्यायला लावायची. सचिनने ती मोडली, यायचा बंद झाला आणि दीड महिन्यात नशेतच गेला. एकोणीस वर्षांचा होता. सांत्वनाला गेले तेव्हा मी त्याच्या आईला म्हणाले, शपथ पाळली असती तर वाचला असता. हे बोलायला माझी जीभ कशी रेटली, मला आजही कळत नाही.

पुढे रोशनही यायचा थांबला. हा समुद्रकाठच्या घिवलीचा, पंक्चरचं सोल्यूशन हुंगायचा. चार महिने मात्र चांगला राहिला होता. दोन दिवस घरीही नाही असं कळलं, तशी मी तणतणतच घिवलीला गेले. किनाऱ्यावर एक बाई बोंबील वाळत घालत होती. तिला विचारलं, तर तिने मला आधी नीट न्याहाळलं.

"तुमीच काय त्या शपथवाल्या बाई? पोरगा माज्या पडवीत हाय. दोन दिस जेवला नाय. शपथ मोडली, आता देवळात कसा जाऊ म्हनतो. बाई, नशा सुटल तवा सुटल, त्याचा देव कशाला तोडलात?"

इतके दिवस मी मनातल्या मनात देवाला सचिनचा जाब विचारत होते, त्याचं उत्तर मला असं उघड्या किनाऱ्यावर, मासळीच्या वासात मिळालं. रोशनला डॉक्टरांकडे नेलं. त्यानंतर तो दोनदा घसरला, दोन्ही वेळा गुरुवारी आला, आणि मी मुकाट्याने प्रसाद दिला. आभार मानायला त्या बाईकडे पुन्हा गेले, तर घराला कुलूप होतं. ती कोण होती याची चर्चा मी करत नाही. दत्तमहाराजांनी माझ्या हातून शपथ काढून घेतली, एवढं मला पुरे आहे.

मग सचिनच्या आईकडे माफी मागायला गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शेवटच्या गुरुवारी तो देवळापातूर आलेला, ताई. पायरीवर चपला काढल्या आन् परत फिरला. मी म्हनलं, देव काय खातो का तुला? तर म्हनला, देवाचं काय नाय गं, आत बाई बसल्यात."

आता गुरुवारी मी आत बसत नाही. बाहेर चपलांपाशी बसते, आणि जो येईल त्याला आत जाऊ देते.