शिंगांच्या रंगाचा ठिपका
पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा डबा उघडला, की त्या वासानं मला तीच दुपार आठवते. मोठ्या भावानं लग्नासाठी वणीला नेलेली माझी मोटरसायकल परत आणली, तर सेल्फ लागेना. ओसरीत पोतं अंथरून मी स्टार्टरची मोटर खोलली. भाऊ शेजारी बसून पाने देत होता. "मोटरचे कार्बन ब्रश घासले असतीन, लेका," तो म्हणाला. आमच्या घरी वखरापासून टॉर्चपर्यंत प्रत्येक वस्तूवर शिंगांच्या रंगाचा ठिपका देतात, तसा केशरी ठिपका मी माझ्या मोटरवरही दिला होता; भावाच्या गाडीच्या मोटरवर तेवढा द्यायचा राहिला होता. फडक्यानं पुसून पुसून पाहिलं, ठिपका नव्हताच. मान वर केली, तर निंबाखाली उभ्या त्याच्या तसल्याच गाडीच्या मोटरवर तो केशरी ठिपका दिसला. "हो, कार्बनच," मी म्हणालो. तेव्हापासून मी किकच मारतो. भाऊ अजूनही विचारतो, "सेल्फ काहून नाही दुरुस्त करत रे?"