पिशवीवरची बाई

चांगुणाबाई दुकानात आल्या त्या दिवशी त्यांनी नमस्कार केला नाही, की बसल्या नाहीत. हातातल्या पिशवीतून नाचणीच्या पिठाचं पाकीट काढलं, आपल्या गालाशेजारी धरलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाकिटावर डोंगर होता, डोंगरामागे सूर्य होता आणि पुढे हातात सूप घेतलेली एक बाई हसत होती. तेच कपाळावरचं गोंदण, तोच पुढचा तुटका दात.

"ही बाई कोन हाये, भाऊ?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. ते लेबल मीच केलं होतं. घोडेगावात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, लेबलं, आणि अलीकडे लोकांच्या धंद्याची फोनवरची पेजं सांभाळणं. मंचरच्या राजाभाऊंनी 'डोंगरमाय' नावाने नाचणीचं पीठ काढलं तेव्हा त्यांना पाकिटावर गावरान चेहरा हवा होता. माझ्या कॅमेऱ्यात एक होता. तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत ही बाई नाचणी पाखडत होती, ऊन चांगलं होतं, मी फोटो काढला होता. तो लेबलावर बसवला. राजाभाऊ खूश झाले. त्या बाईला नाव असेल, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चांगुणाबाईंची मुलगी आळे गावात दिलेली. तिच्या सासूने आळेफाट्याच्या दुकानात हे पाकीट पाहिलं आणि विहीणबाईंचं पीठ म्हणून कौतुकाने चार पाकिटं घेतली. पिठात दाताखाली कचकचणारी खर निघाली, एकात अळ्या निघाल्या. सासूने ते साऱ्या आळीला दाखवलं. तुझ्या आईला धान्य निवडता येत नाही का, असं मुलीला येताजाता ऐकावं लागलं. मुलीने रडत आईला फोन केला, आणि आईला त्या फोनवरून पहिल्यांदा कळलं की आपण पाकिटावर आहोत.

वाडीत चांगुणाबाईंची ख्याती काय होती हे मला नंतर समजलं. लग्नकार्याची नाचणी त्यांच्याकडून निवडून घ्यायची, अशी रीतच होती. त्यांच्या सुपातून खडा जात नाही, असं लोक म्हणत. मुलीच्या सासरी त्याच गोष्टीवरून त्यांचं नाव गेलं होतं.

माझ्याकडे येण्याआधी त्या राजाभाऊंकडे जाऊन आल्या होत्या. राजाभाऊंनी पाकीट पाहिलं, त्यांना पाहिलं आणि हसून म्हणाले, "मावशी, डोंगरातल्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात."

हे सांगताना चांगुणाबाईंचा आवाज चढला नाही. मी घाईघाईने पोलिसांत तक्रार द्यायचं सुचवलं. राजाभाऊ काही भरपाई देतील, मी मध्ये पडतो, असंही म्हणालो. त्यांनी मान हलवली. "त्याचे पैसं नकोत. त्याचं गिऱ्हाईक पायजे. एकूण एक." मग पाकीट उलटं करून मागे बारीक अक्षरात छापलेलं माझ्या दुकानाचं नाव त्यांनी बोटाने दाखवलं. "आन ते तुमी मिळवून देणार."

मी हो म्हणालो. शरमेने म्हणालो की भीतीने, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्यासाठी लेबल काढून दाखवलं. वर मोठ्या अक्षरात 'अस्सल' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. "जो अस्सल लिवतो त्याच्या मनात चोर असतो," त्या म्हणाल्या. त्याऐवजी स्वतःचं नाव, वाडीचं नाव, पीठ दळल्याची तारीख आणि फोन नंबर, एवढंच पुढच्या बाजूला टाकायला सांगितलं. नंबर मागे असतो, मी म्हणालो. मागे तोंड लपवणाऱ्याचा असतो, असं त्यांचं म्हणणं. चौथी शिकलेली ही बाई बोट ठेवून ठेवून वाचायची. पण दुकानात कुठलंही पाकीट हातात आलं की आधी उलटं करून बघायची, आणि नंबर नसला की खाली ठेवायची.

व्हिडिओ करू या, असं मी म्हणालो तेव्हा मला डोंगर, चूल, भाकरी, मागे बासरी असं काहीतरी करायचं होतं. त्या अंगणात बसल्या. मांडीवर सूप, एका हातात राजाभाऊंचं पाकीट. ते गालाशी धरून म्हणाल्या, "ही बाई मी हाये. ह्यातलं पीठ माझं न्हाई." आणि उठून गेल्या. मी म्हणालो, मावशी, थोडं तरी बोला, कसं दळता, काय फायदे. त्या आतूनच म्हणाल्या की फायदे डॉक्टरला विचारा.

पण व्हिडिओ टाकायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. अन्नपदार्थ विकायला कुठला परवाना लागतो, ते विचारलं. तो निघेपर्यंत महिना गेला. माझी घाई चालली होती, त्यांची नाही. "आधी कागद, मंग भांडण," असं त्या म्हणत. ते किती खरं होतं हे पुढे दिसलं. व्हिडिओ पसरल्यावर राजाभाऊंनी पहिलं काय केलं असेल, तर या बाईकडे परवाना नाही म्हणून तक्रार. चौकशीला अन्न खात्याचे साहेब वाडीवर चालत गेले, कारण त्या वेळी गाडी नव्हती. चांगुणाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि परवाना काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावला होता, तो दाखवला. मग कपाटातून राजाभाऊंचं अळ्या पडलेलं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "आलाच हायसा तर हे पन बघा," म्हणाल्या.

व्हिडिओ इतका पसरेल असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांत फोन थांबेना. सगळ्यांचा एकच प्रश्न: मावशी, तुमचं पीठ कुठे मिळेल? आणि पीठ होतं दोन पोती. मी धंद्यातला शहाणा माणूस. म्हणालो, मंचरच्या बाजारातून नाचणी उचलू, स्वच्छ करू, भरू. गिऱ्हाईक परत येत नसतं. त्या म्हणाल्या, "मंग राजाभाऊत आन माज्यात फरक काय ऱ्हायला?" त्यांनी पेजवर सांगून टाकलं की पीठ संपलंय, नवी नाचणी आली की नंबरवारीने देईन. मला वाटलं, संपलं सगळं. पण लोकांनी नावं लिहून ठेवली. थांबवलेलं गिऱ्हाईक जास्त घट्ट बसतं, ही गोष्ट मी पंधरा वर्षांच्या धंद्यात शिकलो नव्हतो.

पुढच्या सुगीला त्यांनी वाडीतल्या अकरा बायका जमवल्या. जिची नाचणी, तिचं नाव पाकिटावर. ही कल्पना त्यांचीच. खडा निघाला तर कुणाच्या सुपातून गेला हे कळलं पाहिजे, एवढाच त्यांचा हेतू. पण शहरातल्या लोकांना ते फार आवडलं. कुणी "हिराबाईंचंच द्या" म्हणून हट्ट धरू लागलं.

मेसेजला उत्तर लिहायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून त्या बोलून पाठवत. कुणी विचारलं, लहान बाळाला चालेल का, की मिनिटभर सांगणार: सत्त्व कसं काढायचं, किती पातळ, आधी डॉक्टरला विचार. मागे कोंबडी ओरडत असायची. मी म्हणालो, शांत जागी जाऊन बोला. त्या म्हणाल्या, कोंबडी ऐकूनच त्यांना खरं वाटतं.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी पेजवर लिहिलं की पिठाला कडवट वास आहे. मी ती ओळ काढून टाकणार होतो. चांगुणाबाईंनी काढू दिली नाही. पहाटेची गाडी धरली, मंचरला बदलली आणि नवं पाकीट घेऊन त्या बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. पीठ चार महिने गॅसशेजारच्या डब्यात होतं. चांगुणाबाईंनी त्यांना चुकीचं ठरवलं नाही. ताजं पीठ मळून दोन भाकरी थापल्या आणि परत आल्या. संध्याकाळी त्या बाईंनी स्वतःच सगळं लिहिलं, फोटोसकट. परतीच्या वाटेवर चांगुणाबाई माझ्या दुकानाच्या दारात थांबल्या, तेव्हा दमलेल्या होत्या. "वंगाळ बोलनारं गिऱ्हाईक पुसू नका, भाऊ. तेच्या घरी जावा," म्हणाल्या.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की बाई मोठ्या मनाची. तशा त्या नव्हत्या. हे सारं त्यांनी एका माणसाला संपवण्यासाठी उभं केलं होतं, आणि ते त्या क्षणभरही विसरत नव्हत्या. आठवड्यातून एक दिवस त्यांनी राखून ठेवला होता. त्या दिवशी 'डोंगरमाय' जिथे मिळतं अशा एखाद्या दुकानात जायचं. कोणकोणती दुकानं, हे मीच सांगितलं होतं. राजाभाऊंचं पेज मीच चालवत होतो ना. जायचं, फळीवरचं पाकीट उचलायचं, गालाशी धरायचं आणि उभं राहायचं. भांडण नाही, शब्द नाही. गिऱ्हाईकं बघायची. आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्याने अर्ध्या तासात हात जोडले आणि सगळी पाकिटं खोक्यात भरून परत पाठवली. त्यांनी मग स्वतःचं पीठ तिथे ठेवायला दिलं का? नाही. ज्याने माझं तोंड विकलं त्याच्या फळीवर माझा माल नाही, म्हणाल्या. गिऱ्हाईक मात्र फोनवरच्या नकाशात वाडी शोधत थेट घरापर्यंत येऊ लागलं. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या तळेघरला थांबायला लागल्या.

राजाभाऊंनी पाकीट बदललं. नव्या पाकिटावर इंटरनेटवरून घेतलेली एक गोरीपान म्हातारी होती, नऊवारीतली. चांगुणाबाईंनी दुसरा व्हिडिओ केला, तोही एवढाच: "ही आजी कंच्या गावची, राजाभाऊ? भेट घालून द्या की." लोक राजाभाऊंच्या पेजवर रोज तेच विचारू लागले. आजी कशा आहेत? आजींना नमस्कार सांगा. मंचरच्या पोरांनी त्यांचं नावच 'आजीवाले' पाडलं. वर्षाच्या आत पीठ बंद झालं, मग गिरणी बंद झाली.

एका दुपारी राजाभाऊ बायकोला घेऊन वाडीवर आले. मी तिथेच होतो, नवी पाकिटं पोचवायला गेलो होतो. माणूस निम्मा झाला होता. माझं चुकलं, म्हणाले. तुमचा माल माझ्या दुकानातून विकतो, पण आता थांबा. त्यांची बायको पदराचं टोक पिळत होती. चांगुणाबाईंनी तिला आत नेऊन चहा दिला. राजाभाऊंना दिला नाही. बाहेर येऊन त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"राजाभाऊ, मी वळखलं न्हाई तुमाला," त्या म्हणाल्या. "मंचरातलं सगळं शेठ सारखंच दिसत्यात."

ते गेल्यावर मला वाटलं, आता त्या हसतील, निदान सुस्कारा टाकतील. त्यांनी सूप ओढलं आणि पाखडायला बसल्या. मुलीच्या सासूने जाहीर माफी मागितली, मुलीचं घर सुरळीत झालं, तेव्हाही त्या अशाच होत्या.

दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट शिकून घेतली. फोटो कसा काढायचा, लेबलातली तारीख कशी बदलायची, पेजवर कधी काय टाकायचं, पासवर्ड काय. शिकायची त्यांची हौस बघून मला अभिमान वाटायचा. मी लोकांना सांगायचो, मावशींना मी घडवलं. आणि मनातून मला वाटायचं की आमचा हिशेब मिटला.

मग या दिवाळीनंतर त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आता पाकिटं दुसरीकडं छापनार." पाकिटांच्या फायली तेवढ्या द्या, म्हणाल्या. मी दर कमी करतो म्हणालो. दराचं काही नाही, त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, मावशी, राजाभाऊंना संपवायला मीच तर मदत केली, मग माझ्यावर अजून राग का?

त्या पहिल्यांदाच माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसल्या.

"राजाभाऊ लबाड हाये ते समद्यांला ठावं व्हतं. त्याच्याकडनं मला काय आशाच नव्हती. तुमी माज्या अंगनात बसून च्या पिला व्हता. नाव इचारलं व्हतं माझं. मी सांगितलं व्हतं."

खरं होतं ते. त्या दिवशी मी वाट चुकून वाडीत शिरलो होतो. त्यांनी घोंगडी टाकली, गुळाचा चहा दिला, आणि माझ्या गाडीची वेळ होईपर्यंत गप्पा मारल्या. निघताना मी म्हणालो होतो, मावशी, एक फोटो काढतो, माझ्यासाठी. त्या पदर सारखा करून हसल्या होत्या. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी तो चहा आणि ते नाव वगळत आलो होतो. त्यांच्यासमोरही, आणि स्वतःशीही.

मी फायली पेनड्राइव्हवर भरून दिल्या. त्यांनी सगळ्या उघडून बघितल्या, एकही राहिली नाही याची खात्री केली आणि तळेघरची गाडी गाठायला निघून गेल्या.

नवी पाकिटं जुन्नरला छापून आली. आमच्या स्टँडवरच्या दुकानात मी एक विकत घेतलं. छपाई माझ्यापेक्षा चांगली होती.