भिकूने पाहिलेला एकच भाग

सन १९८५, पौष महिना. आरे कॉलनीत म्हशींच्या गोठ्यावर आम्ही कामाला होतो. शेण साठतं तसे किस्सेही साठतात. अधूनमधून उचलावे लागतात.

रविवारी सकाळची धार आटोपली की कामगारांच्या खोलीत टीव्ही लागे. उडणाऱ्या माणसाची इंग्रजी मालिका. चित्र टिकायला कोणाला तरी गच्चीवर अँटेना धरून उभं राहावं लागे. तो मान भिकूचा. वर्षभरात त्याने एकही भाग पाहिला नाही.

"भिकू, डावीकडे फिरव."

"माझ्या की तुमच्या?"

"म्हशीच्या."

*

अर्थ सांगायला पेद्रू. जवळच्या गावठाणातला, मिशनच्या शाळेत शिकलेला. एकदा उडणारा पाच मिनिटं बोलत होता. पेद्रू म्हणाला, "येतो म्हणाला."

"एवढंच?"

"बाकीचं इंग्रजी होतं."

*

भिकूची बायको सुलू छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, अन्नावरची वासना उडालेली. आठवडाभर ती गोष्टीची वाट पाही. भिकू आम्हाला दोन वाक्यं विचारायचा आणि तिला तासभर सांगायचा. उडणाऱ्याचा झगा कधी जांभळा, कधी मोरपंखी. आमचा टीव्ही काळा-पांढरा.

पेद्रूने विचारलं, "रंग कुठून आणलास रे?"

"वरून दिसतो," भिकू म्हणाला.

*

एका रविवारी मी भिकूला खाली बसवलं आणि स्वतः वर गेलो. म्हटलं, एकदा तरी बघू दे.

नेमका त्या दिवशी वेगळाच भाग लागला. पेद्रूने मला तो पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितला. जळत्या घरात एक बाई अडकली होती. उडणारा उशिरा पोचला. तिला बाहेर आणलं, पण ती उठली नाही. त्याने झगा काढून तिच्यावर पांघरला आणि तिथेच बसून राहिला. संपलं.

भिकू बाहेर आला. चेहरा उतरलेला.

"दादा, मी आत्ता घरी जात नाही. सुलू विचारील. आज मला रचून सांगता यायचं नाही."

"का?"

"आज मी पाहिलंय."

मी पाहिलं नव्हतं. मी गेलो.

*

"भावजी, तुम्ही? हे कुठे राहिले?"

"म्हशीपाशी."

"मग तुम्ही सांगा. आज काय झालं?"

मी जन्मात कोणाला गोष्ट सांगितली नव्हती. गच्चीवरून दिसलं होतं ते सांगितलं. धुक्यात गोठ्यांचे पत्रे बुडाले होते. टेकड्या तेवढ्या वर तरंगत होत्या. सगळं दुधात पडल्यासारखं. आणि त्यातून तो येत होता. हळूहळू, पाय जमिनीला न लावता.

"पोचला?"

"अजून वाटेत आहे, वहिनी."



"मग पुढच्या रविवारपर्यंत थांबायला हवं," ती म्हणाली, आणि उशाशी झाकून ठेवलेली पेज स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

त्याच्या आदल्या साली मला टायफॉइड झाला होता, तेव्हा या बाईने एकवीस दिवस मला पेज भरवली होती. ते देणं फिटलं.