गेरूचे तीन ठिपके

डिझायनर कुठलंही जनावर काढो, त्याच्या डाव्या मांडीवर तांबडे तीन ठिपके असायचेच. जनावर सहा पायांचं असो, पंखांचं असो, पाठीवर बाभळीचं रान उगवलेलं असो, ठिपके ठरलेले. माण तालुक्यात त्याच्या वडिलांच्या मेंढ्यांना गेरूची हीच खूण असते. "दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखायला नको व्हय?" तो म्हणायचा.

कुपवाडच्या एका कारखान्यात तो हळदीच्या खोक्यांवरची चित्रं कॉम्प्युटरवर जुळवायचा, म्हणून सगळे त्याला डिझायनर म्हणत. त्यात थोडी टिंगलही होती. त्याला व्हायचं होतं कन्सेप्ट आर्टिस्ट. म्हणजे गेम तयार होण्याआधी त्यातली माणसं, जनावरं, मुलूख कसा दिसेल ते कागदावर काढणारा. मालकाला सांगितलं तर मालक म्हणाला, "नसलेली जनावरं काढायला पगार कोण देतंय? असलेली हळद आधी नीट पिवळी कर."

सांगलीत आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो. मी पत्रकांच्या घरातला. वडील कामगार संघटनेचे. मोर्चा संपला की उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे गिरवायचो. खोलीवर मी आणलेल्या पत्रकांच्या त्याच कोऱ्या बाजूवर डिझायनरनं जनावरं काढली. "तुझ्या बाजूला लय आरडाओरडा हाय गड्या," कागद उलटून तो म्हणायचा, "माझी बाजू बघ, कशी गप चरतीया."

या धंद्यात शिरायचं तर टेस्ट द्यावी लागते. कंपनी सांगते, आठ दिवसांत एक प्राणी काढा, चारही बाजूंनी, हाडांसकट. मोबदला नाही. काढलेल्यावर हक्क सांगणार नाही, असं आधीच लिहून घेतात. ही सरळसरळ वेठबिगारी आहे, असं मी ओरडायचो. तो शांतपणे पेन्सिलीला टोक काढायचा. "तुला भिंत पाडायची हाय. मला नुसतं आत जायचंय रं."

अशा नऊ टेस्ट त्यानं दिल्या. उत्तर एकीचंही आलं नाही.

मग त्यातल्याच एका कंपनीच्या नव्या गेमची जाहिरात आली. दगडी शिंगांचं एक जनावर पडद्यावर चालत आलं, मेंढीसारखे पुढचे गुडघे टेकून चरू लागलं. वळलं, तर डाव्या मांडीवर तीन ठिपके. कंपनीला ती नक्षी वाटली असणार.

त्याच आठवड्यात त्याचे वडील सांगलीला आले. त्यानं मोबाईल पुढे केला. आबांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"आपलंच हाय की! कुणाच्या कळपात गेलंय?"

"पुण्यातल्या एका कंपनीच्या, आबा."

"मग जाऊन आण. खूण बघितल्यावर न्हाई कोण म्हणतंय?"

डिझायनरनं मोबाईल खिशात घातला. सही करून दिलेला कागद आबांना कसा समजावणार? मलाही ते जमलं नाही, आणि मी तर भाषणं ऐकत वाढलेला.

मी लगेच पत्रक लिहिलं. मथळ्यातच 'चोर'. त्यानं वाचून बाजूला ठेवलं.

"छापू नगंस. त्याच कंपनीत परत अर्ज केलाय."

मी त्याला लाचार म्हणालो. आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो चिडला नाही. "आरं, जनावर तिथं हाय. मग मेंढक्यानं कुठं जायाचं?"

यावेळी त्याला घेतलं. मी स्टँडवर सोडायला गेलो. बोलणं झालं ते बॅगेबद्दल आणि खिडकीच्या जागेबद्दल.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. काम काय देतात, मी विचारलं.

"टेस्ट येत्यात पोरापोरींच्या. चांगल्या असतील त्या साफ करून कंपनीच्या फायलीत लावायच्या." मग म्हणाला, "एका पोरीनं शेपटीच्या गोंड्यात बारीक खूण काढली हुती. नाव म्हणावं तर नाव न्हाई. साहेब म्हणले, काढून टाक."

"मग?"

"काढली की. कुणाला कळायचं न्हाई अशी पुसली."

फोन ठेवला आणि आता छापायचंच, म्हणून मी ते पत्रक शोधलं. 'चोर' हा शब्द वाचला. पुढे वाचवेना. कागद उलटला. जाण्याआधी कधीतरी त्यानं मागच्या बाजूला एक मेंढी काढून ठेवली होती. साधी, चार पायांची, माणातली. डावी मांडी कोरी होती.