अंडीबाय आणि पन्नास भुतं

अंडीबाय अंडं गालाला लावून बघायची. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसं. डोळे मिटायची, क्षणभर थांबायची आणि मग त्या अंड्याची जन्मकुंडली मांडायची. "हे सकाळचं. तांबडीचं. जरा रागात होती ती." कोंबडी रागात होती हे अंड्यावरून सांगणारी बाई विरारपासून डहाणूपर्यंत दुसरी नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये अशीही वदंता होती की तिने एकदा एक अंडं गालाला लावून "यातनं कोंबडा निघंल आनि आळशी निघंल" असं सांगितलं, आणि तो कोंबडा खरोखरच सकाळी नऊनंतर आरवायचा. ही वदंता मीच पसरवली होती, पण तेवढ्याने ती खोटी ठरत नाही.

विरारजवळच्या वटार गावाहून ती मंगळवारी आणि शनिवारी यायची. लाल चौकडीचं लुगडं, डोक्यावर टोपली, टोपलीत भाताच्या तुसात गळ्यापर्यंत बुडालेली अंडी. आम्ही चौथ्या मजल्यावर. पुढे बिल्डिंगला लिफ्ट आली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, तरी ही आपली जिन्यानेच. "लिफ्टीत अंड्याला गचका बसतो," म्हणायची. "मानसाला बसला तर चालतो." तिचं खरं नाव फिलोमिना. ते मला कळलं तेव्हा ओळख होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि नाव सुधारायला फार उशीर झाला होता. घरच्यांशी ती त्यांच्या कादोडी बोलीत बोलायची, त्यातलं मला दहात एक कळायचं. आमच्यासाठी तिने वेगळं मराठी काढून ठेवलं होतं, पाहुण्यांच्या कपबश्यांसारखं.

"अंडं आनि शब्द, दोन्ही आजचे आजच द्यावेत," हे तिचं ब्रीद. कालचं अंडं ती विकायची नाही. म्हणजे नाहीच. दुसऱ्या मजल्यावरच्या राऊतकाकूंनी एकदा तिच्यादेखत पातेल्यात पाणी घेतलं आणि अंडं तरंगतं का ते बघितलं. अंडं दगडासारखं तळाला गेलं, पण अंडीबाय टोपली उचलून उभी राहिली. "वहिनी, नवरा करताना पन पान्यात टाकून बघितलेलात का?" त्यानंतर सहा महिने राऊतांच्या घरी अंडं गेलं नाही. राऊतकाका त्या सहा महिन्यांत इतके वाळले की वाऱ्याच्या दिवशी काकू त्यांना गॅलरीत जाऊ देत नसत.

माझ्याबद्दल तिचं मत पक्कं होतं. "वहिनी, तुमचा हा पोरगा तोंड उघडतो तर शंभर अंडी घालतो," ती आईला सांगायची, "त्यातली नव्वद पोकळ."

"दहा भरलेली असतात असं तुला वाटतं, हेच पुष्कळ आहे," आई म्हणायची.

त्या नव्वदांपैकीच एकाने मला खड्ड्यात घातलं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये मी लागलो होतो. अमेरिकेत कोणाचं भांडी घासायचं यंत्र बिघडलं की तो मला फोन करी, आणि असलं यंत्र जन्मात न बघितलेला मी त्याला धीर देत असे. याआधी दोन नोकऱ्यांनी मला सहा महिन्यांच्या आत निरोप दिलेला. बाबा जानेवारीत रिटायर होणार होते. आईने माझ्यासाठी देवापुढे काय कबूल केलं होतं ते कधी कळलं नाही, पण ती चहात साखर घेईनाशी झाली होती. आम्ही आठजण शिकाऊ. त्यातले पाचच कायम व्हायचे होते. ही तिसरी नोकरी गेली असती तर मला घरी तोंड दाखवायला जागा नव्हती.

अशात अमेरिकेहून तिथली मोठी बाई आम्हाला बघायला येणार असं ठरलं, ऐन ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. तिकडे त्या दिवशी हॅलोविन नावाचा भुतांचा सण असतो, म्हणून आमच्या मॅडमनी दुपारी पार्टी ठेवली. प्रत्येकाने काहीतरी भुताळी खायला करून आणायचं. मॅडमनी इंटरनेटवरून काढलेलं एक चित्र दाखवलं. गुळगुळीत पांढरी उकडलेली अंडी, आत मसाला, वर कसल्याशा काळ्या फळाचे कोळी. "हे कोणाला जमेल?" शहाण्या माणसाने खाली बघावं. मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात तीन पिढ्या भुतांची अंडी करतात."

का म्हणालो, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत साधं ऑम्लेट न करपता उतरलेलं नव्हतं. पण मॅडम खूश झाल्या. "पन्नास आण. मोठ्या मॅडमना मी आजच कळवते."

शनिवारी अंडीबाय आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं आणि सगळं सांगितलं.

"भुतांना अंडी घालायची?" ती म्हणाली.

"भुतांना नाही गं बाय. अंडीच भुतं. बघून माणसं घाबरली पाहिजेत."

"कोनाला घाबरली पायजेत?"

"मेलेल्यांना."

तिने टोपली खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. "त्याच्या दोन दिवसांनी आमचा मेलेल्यांचा दिवस. आम्ही कबरी धुतो, फुलं घालतो, मेनबत्त्या लावतो. आनि हे लोक आपल्याच मेलेल्यांना घाबरतात? मग जित्तेपनी कसे वागले असतील रे त्यांच्याशी?"

"ते मला माहीत नाही. माझी नोकरी आहे त्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मलाही गालाला लावून बघते. "हे आधी सांगायचं ना," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळीच ये वटारला. अंडी आजची देईन. अशी ताजी देईन की त्या बाईने अमेरिकेत बघितली नसतील."

आणि तिने दिलीही. मी पोचलो तेव्हा केळीच्या बागेतल्या तिच्या घराच्या पडवीत चूल पेटली होती, वर हंड्याएवढा टोप होता. पन्नास आणि वर एक, असं एकेक अंडं तिने गालाला लावून निवडलं होतं. काही तर इतकी ताजी की त्यांच्या आया अजून मागे उभ्या राहून तक्रार करत होत्या. बारा वाजता सातिवलीहून मालाडला माल नेणारा माझ्या मित्राचा टेम्पो येणार होता. अंडी उकडली, गार झाली, आणि मी पहिलं सोलायला घेतलं. सालाबरोबर अर्धं पांढरंही निघून आलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याला खड्डे, चौथ्याला भगदाड. दहाव्याला मी हात जोडले, तरी ते कंबरेपासून फाटलं. चित्रातली ती गुळगुळीत अंडी आणि माझी ही, म्हणजे लग्नातला नवरदेव आणि मारामारीतून सोडवून आणलेला नवरदेव.

"बाय, हे असं का होतंय?"

"मला काय ठाऊक."

"चाळीस वर्षं अंडी विकतेस तू."

"विकते. ताजी विकते." ती अंड्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "घरात आम्ही राहिलेली खातो. आठ-आठ, दहा-दहा दिवसांची. त्यांचं साल कसं फुलासारखं सुटतं. आजचं अंडं मी कधी सोललंच नाय."

मी हातातलं फाटकं अंडं परातीत ठेवलं. चाळीस वर्षं जिने गावभर ताजेपणाची शपथ खाल्ली, तिने ताजं अंडं कधी खाल्लंच नव्हतं.

साडेदहा वाजले होते. घरात राहिलेली चार-सहाच होती, आणि दुकानातून पन्नास जुनी अंडी आणून, उकडून, सोलून भरायला आता वेळ नव्हता. मी मनातल्या मनात बाबांना काय सांगायचं ते जुळवत होतो. तेवढ्यात अंडीबायने एक खड्ड्याखड्ड्यांचं अंडं उचललं, उजेडात फिरवलं आणि म्हणाली, "हा आमचा पास्कू."

"कोण?"

"माझा चुलता. त्याला देवी आलेल्या. तोंड असंच होतं, डिट्टो." तिने मनुकेचे दोन काळे तुकडे डोळ्यांच्या जागी दाबले आणि लाल मिरचीची चीर तोंडाला लावली. अंड्यातून एक चिडका म्हातारा माझ्याकडे बघू लागला. माझ्या अंगावर खरोखर काटा आला. "आनि ही फाटलेली कातरीनमावशी. जन्मभर हसली नाय. आन ती मिरची इकडे."

मग ती थांबेचना. मी बूड कापून अंडी उभी करायची, टाळू उडवून बलक काढायचा. ती त्या बलकात त्यांच्याकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात तो लाल मसाला, लिंबू आणि लोणी कालवून परत भरायची आणि टाळू टोपीसारखी बसवायची. ज्याचं भगदाड मोठं, त्याच्यावर बीटाचं पाणी. तो ताडावरून पडून गेलेला सांतान. तिचं अख्खं गोत्र त्या परातीत येऊन उभं राहिलं. मी म्हटलं, "पास्कूला खोबऱ्याचे दात लावू या, जास्त भीती वाटेल."

"शेवटी त्याला दात कुठे होते," ती म्हणाली. "खोटं नको करूस."

एक अंडं मात्र तिने नाव न सांगता केलं. त्याला मिरचीच्या देठांची मिशी लावली, ती दोनदा काढून सरळ केली. मी विचारलं, "हा कोण?" "हाय एक," म्हणाली, आणि ते डब्याच्या मधोमध ठेवलं, जिथे गचका कमी बसतो.

मालाडला डबा उघडला आणि मॅडमचा चेहरा माझ्या अंड्यांहून पांढरा झाला. त्यांनी हळूच ते इंटरनेटवरचं चित्र काढून बघितलं आणि परत घडी घातली. एवढ्यात मोठी बाई आली. सहा फूट उंच, आवाज मंदिराच्या घंटेसारखा. वाकून तिने पन्नास तोंडं निरखली, आणि नेमकं मधलं उचलून मला विचारलं, "हा कोण?"

माझ्या जिभेवर तीन थापा तयार होत्या, तिन्ही उत्तम. आणि का कोण जाणे, मी खरं बोललो. म्हणालो, ही मी केलेली नाहीत, आमच्या घरात कोणी करत नाही. वटार गावात एक अंडी विकणारी बाई आहे, तिने केली. हे सगळे तिच्या घरचे मेलेले लोक आहेत. हा बहुतेक तिचा नवरा.

मॅडमनी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की मी मनातल्या मनात ओळखपत्रही परत करून टाकलं. आणि मोठी बाई हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवरा तोंडात टाकला, मसाला लागला, दोन ग्लास पाणी प्यायली आणि मग सांतान खाल्ला. मॅडमना म्हणाली, "इतक्या सरळ तोंडाने असली गोष्ट रचून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. याच्याशी बोलताना कोणीही फोन खाली ठेवणार नाही. याला सोडू नका."

नोकरीच्या ठिकाणी मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो, आणि ती थाप म्हणून पास झाली. दुसऱ्या दिवशी पत्र हातात पडलं. आईने बशीत चहा ओतून त्यात तीन चमचे साखर घातली आणि बशी रिकामी केली. मी त्या नोकरीत नऊ वर्षं काढली.

अंडीबाय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटी गुडघ्यांनी जिना नको म्हटलं, मग आम्हीच वटारला जात होतो. पण मला ती आठवते ती त्या पार्टीनंतरच्या मेलेल्यांच्या दिवशीची. मी पत्र घेऊन गेलो तर घराला कडी. शेजारणीने चर्चकडे बोट दाखवलं. चर्चमागे सगळा गाव कबरींवर झेंडूची फुलं घालत होता, आणि ही एका कबरीशी मेणबत्तीला हाताचा आडोसा धरून उकिडवी बसली होती.

मला बघताच म्हणाली, "राहिली का?"

"राहिली."

"कायमची?"

"कायमची."

तिने हात जमिनीला टेकला आणि फतकल मारून बसली. इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या दोन कबरींवरच्या ज्योती आडव्या झाल्या. हे मी वाढवून सांगत नाही. मी तिच्या शेजारी बसलो. मग म्हणाली, "परवा तू गेल्यावर एक फाटकं राहिलेलं. ते मी खाल्लं. आजचं."

"कसं लागलं?"

तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "दहा दिवसांच्यासारखंच. कोनाला बोलू नको, धंदा हाय."

कबरीवर दोन मेणबत्त्या जळत होत्या. मी विचारलं, दोन का. "एक त्याची," ती म्हणाली, "आनि ही तुझ्या नोकरीसाठी लावलेली, सकाळपासून." मग बोटांना थुंकी लावून तिने माझी मेणबत्ती चिमटीत विझवली, ती गार होईपर्यंत फुंकली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

"काम झालं," ती म्हणाली. "आता उगाच कशाला जाळायची. पास्कूच्या नातवाची परीक्षा हाय मार्चमध्ये."